लग्नाच्या कंट्रोलरवरून क्लबच्या डेकवर : तयारीच्या नोंदी, जानेवारी-फेब्रुवारी 2025

27 जानेवारी, सोमवार

कोरेगाव पार्कातल्या एका क्लबमध्ये 22 फेब्रुवारीच्या शनिवारी वॉर्मअप सेट, म्हणजे मुख्य डीजेच्या आधी वाजवायची वेळ, मिळाला. वेळ रात्री 9 ते 10.30, मानधन 8,000 रुपये. साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत हळदी-संगीताला मी डीजे म्हणून वाजवते, तेव्हा डीडीजे-400 कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं यंत्र) आणि लॅपटॉप घेऊन जाते. क्लबात तो जामानिमा मांडायला जागा नसते. दोन सेटच्या मध्ये वायरी काढायला-घालायलाही कुणी थांबत नाही. पेनड्राइव्ह घेऊन जायचं आणि तिथे असेल त्या डेकवर, म्हणजे ट्रॅक चालवायच्या यंत्रावर, वाजवायचं.

क्लबला पहिला मेसेज हाच केला, की बूथमध्ये काय काय आहे? उत्तर आलं, "पायोनियरचे सीडीजे आहेत." सीडीजे म्हणजे पायोनियर कंपनीचे क्लबातले डेक, पण एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. सीडीजे-2000 आलं 2009 ला, त्याचं नेक्सस 2012 ला, नेक्सस 2 आलं 2016 ला आणि सीडीजे-3000 आलं 2020 ला. दिसायला चारही भाऊ-भाऊ, पण एकावर चालणारी फाइल दुसऱ्यावर चालेलच असं नाही. म्हणून बूथचे फोटो मागितले, वरून एक आणि मागच्या जोडण्यांचा एक. मागचा फोटो जरूर मागावा. डेक एकमेकांना लॅन वायरीने जोडलेत का आणि डेकचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या कोणत्या चॅनलवर आलेत, हे त्यातच दिसतं.

29 जानेवारी

फोटो आले. दोन सीडीजे-2000 नेक्सस, म्हणजे 2012 चं मॉडेल, आणि डीजेएम-900 नेक्सस मिक्सर. लॅन वायरी दिसतात.

लगेच ठरवून टाकलं, की सगळी तयारी 2012 च्या यंत्राला धरून करायची. नव्या डेकवर हात बसवून जुन्यावर उभं राहिलं की निम्म्या सोयी गायब होतात. जुन्याला चालेल असं सामान घेऊन नव्यावर गेलं तर काहीच अडत नाही.

या डेकवर काय नाही, ते आधी लिहून काढलं. फ्लॅक (दर्जा न घटवता आवाज साठवणारी) फाइल वाजत नाही. हॉट क्यू (ट्रॅकमधल्या ठरवलेल्या जागी लगेच उडी मारायची बटणं) तीनच, ए, बी आणि सी. पडद्याला हात लावून काही होत नाही, सगळं गोल नॉब फिरवून शोधायचं. माझ्या लायब्ररीतले विकत घेतलेले बरेच ट्रॅक फ्लॅक आहेत आणि प्रत्येकाला आठ-आठ हॉट क्यू लावलेत.

30 जानेवारी

पेनड्राइव्हचं काम. 64 जीबीचे दोन नवे घेतले, 650 रुपयांना एक. ड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतींपैकी हे डेक फॅट32 वाचतात, एक्सफॅट वाचत नाहीत. विंडोजमध्ये राइट क्लिक करून फॉरमॅटला गेलं तर 32 जीबीच्या वरच्या ड्राइव्हला फॅट32 चा पर्यायच दिसत नाही, एक्सफॅट आणि एनटीएफएस एवढेच दिसतात. रुफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात 'नॉन बूटेबल', एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) आणि फॅट32 निवडलं की पाच मिनिटांत होतं. मॅकवाल्यांनी डिस्क युटिलिटीत एमएस-डॉस निवडताना स्कीमसुद्धा मास्टर बूट रेकॉर्ड आहे ना, ते बघावं. जीयूआयडी ठेवलं तर लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतं आणि डेक मात्र ड्राइव्ह ओळखत नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर 32 जीबीचेच घ्या. दीड तासाच्या सेटला ते भरपूर होतात.

2 फेब्रुवारी

फ्लॅक सगळे एआयएफएफ या डेकला चालणाऱ्या प्रकारात बदलले, 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ. मिनिटाला साधारण 10 एमबी जागा लागते, सहा मिनिटांचा ट्रॅक 60 एमबी. डब्ल्यूएव्ही होते ते तसेच ठेवले, कारण नेक्सस डब्ल्यूएव्ही वाजवतं.

फाइल बदलली की रेकॉर्डबॉक्सला (ट्रॅकची लायब्ररी तयार करायचं पायोनियरचं सॉफ्टवेअर) तो नवा ट्रॅक वाटतो आणि जुने क्यू सोबत येत नाहीत. सगळे क्यू पुन्हा लावावे लागले, रविवार त्यातच गेला. आता प्रत्येक ट्रॅकला तीनच हॉट क्यू. ए म्हणजे पहिला ठोका, बी म्हणजे जिथून मिक्समध्ये आणायचा ती जागा, सी म्हणजे जिथून बाहेर काढायला सुरुवात करायची ती. सगळीकडे हाच क्रम ठेवलाय, त्यामुळे पडद्याकडे न बघताही बोट कुठे जायला हवं ते ठाऊक असतं. बाकीच्या खुणा मेमरी क्यू म्हणून ठेवल्या. त्या पडद्यावरच्या आवाजलहरीच्या वर बारीक त्रिकोणासारख्या दिसतात आणि ब्रेक किती लांब आहे ते सांगतात.

ट्रॅकची नावं रोमन लिपीत केली. डेकच्या भाषांच्या यादीत मराठी-हिंदी नाही. देवनागरी अक्षरं कोणत्या पडद्यावर कशी उमटतील याचा जुगार शनिवारी रात्री खेळायचा नाही.

5 फेब्रुवारी

या सेटमध्ये मला ढोलकी वाजवायचीच आहे. वॉर्मअपला 112 पासून 120 बीपीएमपर्यंत (मिनिटाला ठोके) हाउस हे नाचायचं संगीत आहे, आणि मधोमध एका जुन्या लावणीचं रेकॉर्डिंग. ते ऐकायला मिळावं म्हणूनच हा सेट मी इतक्या आग्रहाने मागून घेतला.

अडचण लयीची आहे. ते रेकॉर्डिंग वादकांनी एकत्र बसून वाजवलेलं आहे, मशीनचा ठोका त्याच्या जवळपासही नव्हता. सुरुवातीला 112, शेवटाकडे 118 च्या पुढे. लावणी चढत जाते, जायलाच हवी. रेकॉर्डबॉक्सने नेहमीच्या पद्धतीने ग्रिड (ठोक्यांच्या खुणांचा साचा) बसवला तर पहिल्या मिनिटातच तो ढोलकीला सोडून भलतीकडे गेला. अ‍ॅनालिसिस 'डायनॅमिक'वर केलं तेव्हा ग्रिड ठेक्याबरोबर सरकू लागला, पण हाउसचा ट्रॅक सिंक करून (लय आपोआप जुळवून) त्यावर ठेवला की तोही लयीबरोबर ओढला जातो आणि किक (ठेक्याचा जड ठोका) डळमळीत वाटते.

शेवटी सबंध लावणीखाली हाउस ठेवायचा विचार सोडून दिला. सुरुवातीची नुसत्या ढोलकीची आठ आवर्तनं आहेत, तिथे लय जवळजवळ स्थिर आहे. त्यातला 16 ठोक्यांचा तुकडा एडिटरमध्ये घेऊन 116 वर बसवला आणि त्याची स्वतंत्र फाइल केली. हाउसमधून त्या तुकड्यात यायचं, हाउस काढून घ्यायचं आणि मग मूळ लावणी तिच्या लयीत एकटीच सोडायची. शेवटच्या तिहाईनंतर पुढचा ट्रॅक कोरा सुरू करायचा. मिक्स न करणं हाच इथे बरोबर मिक्स आहे, असं माझं मत झालंय. लय सपाट करून तिच्याखाली किक घातलेल्या आवृत्त्या ढिगाने ऐकल्या. त्यांतून नेमकी चढच निघून जाते.

8 फेब्रुवारी

पुण्यात सरावाची खोली, तासाला 900 रुपये, दोन तास घेतली. तिथे सीडीजे-3000 आणि डीजेएम-900 नेक्सस 2 होते. क्लबपेक्षा सगळंच नवं.

यंत्रं नवी असली तरी हाताला सवय लागावी म्हणून गेले होते आणि तेवढ्यासाठी पैसे वसूल झाले. सगळ्यात मोठा फरक पिच फेडरचा, म्हणजे वेग बदलायच्या सरकपट्टीचा. माझ्या कंट्रोलरवरचा बोटाएवढा आहे, हा चांगला हातभर वाटतो. कंट्रोलरवर जेवढा धक्का देते तेवढा इथे दिला तर जेमतेम काही हलतं. जॉगही (गोल चाक) जड आणि मोठा, नुसती कड घासून ट्रॅक पुढे-मागे करता येतो.

टेम्पो रेंजचं, म्हणजे वेग किती टक्के कमी-जास्त करता येतो त्या मर्यादेचं, गणित इथेच नीट कळलं. ±10 वर ठेवलं तर फेडरचा एक टप्पा 0.05 टक्क्यांचा असतो, ±6 वर ठेवलं तर 0.02 टक्क्यांचा. ट्रॅक 120 बीपीएमचा असेल आणि जुळणी 0.05 टक्क्यांनी चुकली असेल, तर मिनिटाभरात दोन किकमध्ये 30 मिलिसेकंदांचं अंतर पडतं आणि ते कानाला टोचतं. 0.02 ने चुकली तर 12 मिलिसेकंद, जॉगला एकदा बोट लावलं की सावरतं. लागोपाठ येणारे माझे ट्रॅक एकमेकांपासून 6 टक्क्यांच्या आत आहेत, म्हणून ±6 कायम.

11 फेब्रुवारी

घरी लॅपटॉपच्या पडद्यावर जुना कॅलेंडरचा कागद चिकटवला. सिंक बंद. नुसत्या कानाने जुळवायचं. सवय मोडलेली असते, पहिले दोन दिवस भयंकर जातात. मग एक गोष्ट लक्षात आली : मी किक ऐकून जुळवायला बघत होते, पण दोन किक एकमेकींत मिसळतात आणि कोण पुढे आहे ते कळत नाही. हाय-हॅट किंवा क्लॅप ऐकला की लगेच कळतं. तेव्हापासून हेडफोनमध्ये येणाऱ्या ट्रॅकचा बेस कमी करून वरचे आवाज ऐकते.

13 फेब्रुवारी

हा दिवस सगळ्यात उपयोगी पडला. आमच्या साउंडवाल्या काकांकडे भाड्याने द्यायची नेक्ससची जोडी आहे, मिक्सरही डीजेएम-900 नेक्ससच. दिवसाचं भाडं 4,000, पण गोडाऊनमध्येच एक संध्याकाळ वाजवायला 1,500 ला दिली. "ताई, आजच काय ते करून घ्या. 17 पासून सगळा माल शिवजयंतीला बाहेर," असं त्यांनी बजावलं.

पहिला ट्रॅक लावला आणि हॉट क्यू ए दाबला, काहीच झालं नाही. बटणात दिवाही नाही. सीडीजे-3000 वर ट्रॅक चढला की क्यू आपोआप तयार असतात. इथे आधी कॉल दाबून ते बोलवावे लागतात. रेकॉर्डबॉक्समध्ये हॉट क्यू आपोआप चढवण्याची सोय आहे, ती ट्रॅकवर आणि डेकच्या सेटिंगमध्ये दोन्हीकडे लावली. तरीही कॉल कुठे आहे ते बोटांना ठाऊक हवं, म्हणून ती सवय केली.

दुसरी गोष्ट मोठी. डब्ल्यूएव्ही फाइलींपैकी काही वाजल्या, काहींना पडद्यावर ई-8305 आलं, म्हणजे हा प्रकार डेकला चालत नाही. वाजलेल्यांसारख्या त्याही 24 बिट, 44.1 च्याच होत्या. लॅपटॉपवर व्यवस्थित वाजतात, सीडीजे-3000 वर त्यांतली एकही लावून बघितली नव्हती. कारण फाइलच्या अगदी सुरुवातीच्या माहितीत असतं. काही सॉफ्टवेअर डब्ल्यूएव्ही लिहिताना ती माहिती 'एक्स्टेन्सिबल' पद्धतीने लिहितात आणि जुने डेक ती वाचून फाइल नाकारतात. आवाजात काहीच दोष नसतो. उपाय सोपा, फाइल एआयएफएफमध्ये बदलून घ्यायची. एआयएफएफमध्ये कलाकार, सूर, शेरा ही माहितीही नीट टिकते. त्यामुळे आता लायब्ररीत एमपी3 आणि एआयएफएफ एवढंच ठेवणार आहे.

तिसरं, डाव्या डेकचं क्यू बटण झिजलेलं. धरून ठेवलं तरी मध्येच सुटायचं आणि ट्रॅक दोनदा उचकायचा. या मालिकेतल्या जुन्या डेकवर प्ले आणि क्यूची बटणं झिजतातच, रोज हजार वेळा आपटली जातात. काकांनी बदलून देतो म्हटलं, पण मी म्हटलं राहू दे, क्लबातही असंच असू शकतं. क्यू धरून ट्रॅक सोडण्याऐवजी हॉट क्यू ए दाबून सोडायला शिकले. अर्ध्या तासात हात बसला.

चौथं, मिक्सरवरचा बेस. ईक्यूचा (बेस, वरचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायचा) नॉब पूर्ण डावीकडे नेला तरी किक दबकी ऐकू येत होती. घरी ती पार जाते. मिक्सरच्या माथ्यावर ईक्यू आणि आयसोलेटर असा खटका आहे. ईक्यूवर नॉब -26 डेसिबलपर्यंतच उतरतो, आयसोलेटरवर पूर्ण बंद होतो. गोडाऊनच्या छोट्या स्पीकरवर ही गंमत वाटते, क्लबच्या सबवुफरवर दोन बेस एकावर एक आले तर नुसता चिखल होतो. कुठेही उभं राहिलं की आधी तो खटका बघायचा.

16 फेब्रुवारी

आवाजाच्या पातळीचं काम. लॅपटॉपवर वाजवताना ऑटोगेन सगळे ट्रॅक एका पातळीला आणतं. पेनड्राइव्हवरून डेकवर गेलं की ते काम आपलं. माझी जुनी लावणी आणि गेल्या वर्षीचा हाउस ट्रॅक यांत मीटरवर चांगला आठ डेसिबलचा फरक पडतो. प्रत्येक ट्रॅक हेडफोनमध्ये ऐकतानाच चॅनलचा मीटर बघून ट्रिम (त्या चॅनलची आवाजपातळी) लावायची, ही पायरी आता हातात बसवली. फेडर वर नेल्यावर ट्रिम वाढवली तर सगळ्या हॉलला ऐकू जाते.

मीटर शून्याच्या आसपास, ठोक्याला थोडा वर. लाल दिवा लागला म्हणजे आवाज फाटतोय. समोरची माणसं अजून बसलेली असतात, त्यांना वॉर्मअपला एवढा आवाज नकोच असतो, आणि पुढच्या डीजेला वर जायला जागा ठेवायची असते.

20 फेब्रुवारी

दोन्ही पेनड्राइव्ह अखेरचे एक्स्पोर्ट केले. यूएसबी 2 च्या वेगाने चहा-जेवण होतं, निघायच्या सकाळी हे काम ठेवू नये. दोन्हींवर तंतोतंत तेच. प्लेलिस्ट छोट्या ठेवल्या, कारण नॉब फिरवून दोनशे ट्रॅकमधून शोधणं अशक्य आहे : 'सुरुवात', 'मध्य', 'ढोलकी', 'चढ' आणि 'अडला तर'. शेवटच्या यादीत कशावरूनही कशावरही जाता येईल असे लांब इन्ट्रोचे ट्रॅक आहेत.

माय सेटिंग्जही ड्राइव्हवर ठेवल्या : क्वांटाइझ (खुणा ठोक्याला चिकटवणारी सोय) चालू, टेम्पो रेंज 6, ऑटो क्यू (सुरुवातीची शांतता सोडून ट्रॅक तयार ठेवणारी सोय) चालू. डेकवर ड्राइव्ह लावून त्या लोड केल्या की आदल्या माणसाने काहीही करून ठेवलेलं असलं तरी डेक आपल्याला हवा तसा होतो.

पिशवीत : हेडफोन, हेडफोनचा 6.3 मिमीचा जाड अ‍ॅडॉप्टर (120 रुपये), दोन ड्राइव्ह, छोटी टॉर्च.

22 फेब्रुवारी, शनिवार

दुपारच्या एसटीने पुण्यात. साडेसहाला क्लबात पोचले. दार उघडायच्या आधीची ही वेळ मागून घ्यावी, नाही म्हणत नाहीत.

बूथमध्ये उभी राहून क्रमाने बघितलं. डेक चॅनल 2 आणि 3 वर. खटका आयसोलेटरवर, हवा तसा. क्रॉसफेडरची (एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर सरकवायच्या आडव्या पट्टीची) जोडणी ए-बीवर होती, ती दोन्ही चॅनलना थ्रूवर आणली, म्हणजे चुकून हात लागला तरी काही बंद होत नाही. उजव्या डेकचा टेम्पो वाइडवर, म्हणजे सगळ्यात मोठ्या मर्यादेवर. आणि उजव्या डेकची लॅन वायर गायब, फोटोत होती ती. त्यामुळे एका ड्राइव्हवरून दोन्ही डेकना ट्रॅक मिळेना. दुसरा ड्राइव्ह उजवीकडे लावला आणि प्रश्न मिटला. सिंकही गेलं, पण त्याची गरज उरली नव्हती.

खरी शिकवण आवाजाने दिली. मोठे स्पीकर डान्स फ्लोअरच्या पलीकडे, बूथपासून दहाएक मीटर. हेडफोनमधला ट्रॅक हॉलच्या आवाजाशी जुळवला तर फ्लोअरवर तो चुकीचा पडत होता. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, दहा मीटर यायला 29 मिलिसेकंद लागतात. तेवढा उशिरा आलेला ठोका खरा मानून मी जुळवत होते. क्लबचा रेसिडेंट, म्हणजे तिथला नेहमीचा, डीजे तेव्हा आला होता. तो म्हणाला, "मिक्स करताना बूथ मॉनिटर वर घे, झालं की खाली घे. समोरचं ऐकूच नको." मॉनिटर कानापासून हातभर अंतरावर आहे, त्यात उशीर नाही. एवढ्या एका वाक्याने माझी रात्र सांभाळली.

नऊला सुरू केलं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं माणसं टेबलांवरच. दुसऱ्या मिक्सला जुळणी घसरली, किक दोनदा वाजल्यासारखी झाली. बेस उतरवला, जॉगने सावरलं. त्यानंतर हात शांत झाले. दहाच्या सुमारास ढोलकीचा तुकडा आत आणला, हाउस काढून घेतलं आणि लावणी सोडली. माणसं टेबलांवरून उठली. लय चढत गेली तशी पुढे आली आणि शेवटच्या तिहाईला टाळ्या पडल्या. पुढच्या ट्रॅकची किक त्या टाळ्यांतच सुरू केली. तो क्षण मला हवा होता तसाच्या तसा मिळाला.

साडेदहाला बदली. शेवटचा ट्रॅक लांब आउट्रोचा ठेवला, रेसिडेंटने मोकळ्या डेकवर स्वतःचा ड्राइव्ह लावला, त्याचा ट्रॅक सुरू होऊन माझा फेडर पूर्ण खाली येईपर्यंत मी ड्राइव्हला हात लावला नाही. मग यूएसबी स्टॉप दाबून धरलं, दिवा विझला, काढला. वाजत असताना ड्राइव्ह उपटला तर डेक एवढासा तुकडा फिरवत बसतो आणि ड्राइव्हवरची लायब्ररीही बिघडू शकते.

24 फेब्रुवारी

ड्राइव्ह रेकॉर्डबॉक्सला लावल्यावर हिस्टरीत सेटचे ट्रॅक वाजवलेल्या क्रमाने मिळतात. ते उतरवून घेतले. दोन ड्राइव्ह होते म्हणून दोन याद्या, हाताने एकत्र केल्या.

खर्च : ड्राइव्ह 1,300, सरावाची खोली 1,800, काकांची संध्याकाळ 1,500, अ‍ॅडॉप्टर 120. प्रवास आणि दोन-चार नवे ट्रॅक धरून साडेसहा हजाराच्या घरात गेलं. मानधनातून हातात फार उरलं नाही, पण ड्राइव्ह आणि लायब्ररी पुढेही चालणार आहे. फक्त एकाच सरावाचे पैसे असतील तर नव्या डेकच्या खोलीऐवजी साउंडवाल्याकडची जुनी जोडी मागा.

28 फेब्रुवारी

पुढचं बोलावणं नाशिकहून आलंय, एप्रिलमध्ये. फोटो आधीच मागवला : एक्सडीजे-एझेड, सगळं एकत्र असलेलं नवं यंत्र. इथे जुन्याचा नियम पुरत नाही. ते यंत्र ड्राइव्हवरची जुन्या पद्धतीची लायब्ररी वाचत नाही, त्याला 'डिव्हाइस लायब्ररी प्लस' लागते. रेकॉर्डबॉक्समध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून ती तयार करता येते आणि जुनी लायब्ररीही शेजारी तशीच राहते. एका ड्राइव्हवर करून बघितलं, दोन्ही नांदतात. दुसऱ्यावर उद्या करते.